क्रूझवर एकवीस माणसं आणि साडेपाचची पंगत



हल्ली मे महिन्याच्या सुट्टीत सगळ्या भावकीने मिळून क्रूझला जायची टूम निघाली आहे. कुणाच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, कुणाची पंच्याहत्तरी, की निघाले वीस-पंचवीस जण सिंगापूरला. चांगलंच आहे. पण तयारीत वाद कशावरून होतात ते बघा: बाल्कनीची केबिन कुणाला, खिडकीची कुणाला, आतली कुणाला. केबिनमध्ये माणूस फक्त झोपायला जातो. रोज संध्याकाळी दीड तास सगळे समोरासमोर बसणार असतात ते जेवणाच्या टेबलावर, आणि त्याचा विचार मात्र जहाजावर पाय ठेवल्यावर सुरू होतो. माझं मत असं की केबिनच्या आधी टेबल ठरवा, आणि टेबलाच्याही आधी वेळ ठरवा.

बहुतेक मोठ्या जहाजांवर मुख्य डायनिंग रूममध्ये रात्रीच्या जेवणाच्या दोन ठरलेल्या पाळ्या असतात. पहिली साधारण साडेपाच-सहाची, दुसरी आठ-साडेआठची. तिसरा प्रकार म्हणजे 'हवं तेव्हा या', त्याला टेबल ठरलेलं नसतं. ऐकायला हा तिसरा प्रकार फार मोकळा वाटतो, आणि दोघा-तिघांना तो सोयीचाही आहे. पण वीस माणसं एकदम दारात उभी राहिली की जागा होईपर्यंत थांबावं लागतं, आणि रोज वाढणारा माणूस नवा. आज एकाला समजावलं की बटाटा नको, आलं नको, उद्या दुसऱ्याला पहिल्यापासून. ठरलेल्या पाळीत टेबल तेच, वेटर तोच. दुसऱ्या दिवशी त्याला सगळं पाठ असतं.

आता पहिली पाळी की दुसरी? इथे आपल्या घराघरात खरी कुरबुर होते. आमच्याकडेही झाली. आम्ही एकवीस जण, सिंगापूरहून निघून पेनांग, फुकेत करून परत. सासूबाईंचा (आम्ही त्यांना अक्का म्हणतो) रात्रीभोजनत्याग आहे, आत्त्यांचा आहे, काकींचा आहे. माझा चातुर्मासापुरता. पुण्या-बेंगळुरूला राहणारी मुलं दहाच्या आत जेवत नाहीत. पुतण्या म्हणाला, "काकू, सुट्टीत साडेपाचला कोण जेवतं?" त्याला सांगितलं, सांगली-कोल्हापूरकडच्या आपल्या निम्म्या घरांत अजून जेवतात बाबा, तुझी आजीसुद्धा.

मग नेहमीची तडजोड पुढे आली, तीही अक्कांकडूनच: "माझ्यासाठी कुणी लवकर जेवू नका. मी खोलीत दशम्या खाईन." हे वाक्य प्रत्येक घरात कुणीतरी म्हातारं माणूस म्हणतं, आणि आपण "बरं अक्का, तुम्हाला जसं सोयीचं" म्हणून मोकळे होतो. माझा विरोध आहे तो या "बरं"ला. पायऱ्या चढून बाहुबलीच्या डोंगरावर जाणाऱ्या माणसांना आपण लाखभर रुपये खर्चून समुद्रावर नेतो, आणि सगळं घर एकत्र बसायच्या वेळी त्यांना खोलीत बसवतो, हे कसलं एकत्र जाणं? शिवाय दशम्यांचं म्हणाल तर बऱ्याच जहाजांवर घरी शिजवलेलं अन्न नेऊच देत नाहीत. बंद पाकिटातला कोरडा खाऊ तेवढा चालतो. म्हणजे अक्कांच्या वाट्याला पाच दिवस खाकरे आणि लाह्या.

म्हणून माझं स्पष्ट म्हणणं: सगळ्यांनी पहिली पाळी घ्यावी. तरुणांनी नियम घ्यावा असं मी म्हणत नाही, ते ज्याचं त्याने ठरवायचं. त्यांनी फक्त सोबत बसावं. दहा वाजता भूक लागली तर जहाजावर वरच्या मजल्यावर काही ना काही मिळतंच, तिथे जायला कुणी अडवत नाही. पण रात्रीभोजनत्याग असलेल्या माणसाला आठच्या पाळीत बसायला सांगणं म्हणजे रिकाम्या ताटापुढे बसवणं आहे. एका बाजूला गैरसोय, दुसऱ्या बाजूला व्रत. दोन्ही एका तराजूत घालू नका. गावच्या पंचकल्याणकाला हजारो माणसं दिवस असताना जेवून उठतात, त्यात नियम नसलेलेही कितीतरी असतात. तेव्हा कुणी म्हणत नाही की माझ्यावर अन्याय झाला.

पहिल्या पाळीचा आणखी एक फायदा. जहाजावरचे कार्यक्रम पाळ्या बघून लावलेले असतात, लवकर जेवणाऱ्यांना रात्रीचा खेळ मिळतो. तरुण मंडळी तिकडे जातात, आणि अक्कांना जप-सामायिकाला निवांत वेळ मिळतो.

आता सूर्याचं गणित. हे एजंटला येत नाही, आपणच करायचं. सिंगापूर विषुववृत्ताजवळ आहे, तिथे बारा महिने सूर्य सातच्या आसपासच मावळतो. पेनांगला घड्याळ सिंगापूरचंच, पण गाव पश्चिमेला, त्यामुळे मे महिन्यात साडेसात होतात. फुकेतला थायलंडचं घड्याळ एक तास मागे, तिथे पावणेसातच्या आत सूर्यास्त. त्या दिवशी जहाजावरची घड्याळं मागे करणार की सिंगापूरचीच वेळ ठेवणार, हे आदल्या दिवशी विचारून घ्यायचं. ज्या दोन घटका आधी म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं आधी तोंड बंद करतात त्यांच्यासाठी सिंगापूरला सव्वासहाच्या आत जेवण आटोपायला हवं. साडेपाचला बसलं तर जमतं, पण एक एक पदार्थ पंधरा मिनिटांनी आणायची जहाजाची रीत चालणार नाही. आम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं की या तीन बायकांचं सगळं एकदम आणा, गोडसुद्धा. बाकीच्यांचं तुमच्या पद्धतीने सावकाश येऊ द्या. आणि बंदरावर फिरायला गेलं की पाचच्या आत परत. फुकेतला दुकानातून माणसं ओढून आणावी लागली, पण आणली.

मात्र हे गणित सगळीकडे सारखं नाही. मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या जहाजावर डिसेंबरात बसलात तर सूर्य सहाच्या सुमारासच मावळतो. म्हणजे दोन घटकांचा नियम असेल तर सव्वापाचला जेवण संपायला हवं, आणि पहिली पाळीही उशिराची ठरते. तिथे चार-साडेचारला बुफेत काय मिळतं ते आधी विचारा, आणि सगळ्यांनी तिथेच अक्कांबरोबर बसा, पाळीला वाटलं तर नंतर जा. उलट उन्हाळ्यात नॉर्वेला निघालात तर उत्तर टोकाला मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य मावळतच नाही. तिथे नियम कसा पाळायचा ते निघण्याआधी महाराजांनाच विचारा, त्यावर मी बोलणार नाही.

वेळ ठरली की टेबल. इथे एक तांत्रिक गोष्ट बायकांनी आवर्जून लक्षात ठेवावी, कारण पुरुष मंडळी "एजंट बघेल" म्हणतात. एकेका केबिनचं बुकिंग वेगळं, त्याचा नंबर वेगळा. तिघा भावांनी तीन ठिकाणी बुकिंग केलं असेल तर जहाजाच्या दृष्टीने ही तीन अनोळखी कुटुंबं आहेत. सगळे नंबर एकमेकांना जोडून घ्या, आणि प्रत्येक बुकिंगवर तीच पाळी आणि जैन जेवणाची नोंद आहे ना ते लेखी मागा. आमच्या आठ केबिनपैकी एकीवर दुसरी पाळी पडली होती, ती महिनाभर आधी कागद मागितला म्हणून सापडली. चढल्या दिवशी दुपारी डायनिंग रूमच्या प्रमुखाला प्रत्यक्ष भेटून टेबल बघून यायचं. तेव्हा बदल होतात, जेवणाच्या वेळी होत नाहीत.

एकवीस माणसांचं एक टेबल सहसा मिळत नाही, मिळू नये असंही मला वाटतं. लांब टेबलावर माणूस बोलतो ते शेजारच्या दोघांशी आणि समोरच्या दोघांशी. टोकाला बसलेल्या कमी ऐकू येणाऱ्या काकांना नुसतं हसणं ऐकू येतं. सात-सात जणांची तीन टेबलं, एकमेकांना लागून, कोपऱ्यात. कोपरा अशासाठी की शेजारच्या टेबलांवर काय येईल ते आपल्या हातात नाही, निदान एक-दोन बाजूंना भिंत किंवा खिडकी असते. अक्कांची पाठ खोलीकडे, तोंड खिडकीकडे.

कोण कुठे बसणार याची यादी करताना आपण आधी जोडपी लिहितो, मग मुलं, आणि शेवटी जी खुर्ची उरेल ती आत्त्यांची. विधवा आत्त्या, लग्न न झालेली नणंद, एकटा मामा, यांना सगळीकडे उरलेली खुर्ची मिळते. ही यादी मी उलटी केली. पहिलं नाव आत्त्यांचं लिहिलं आणि त्यांना विचारलं, शेजारी कोण हवं? त्या म्हणाल्या, नव्या सुनेला बसवा, मला तिच्याशी कधी बोलायलाच मिळत नाही. झालं. नव्या सुनेला नवऱ्याशेजारी बसायला आयुष्य पडलंय.

दुसरं, सगळे म्हातारे एका टेबलावर असं करू नका. तिथे मेन्यू वाचायला कुणी नसतं, आणि वेटरला "नो एग" म्हणून भागत नाही. पास्त्यात अंडं असतं, पुडिंगमध्ये जिलेटिन असतं, थाई आमटीत माशाचा सॉस असतो, आणि कांदा-लसूण-बटाटा टाळणारे आचारी आलं हमखास विसरतात. प्रत्येक टेबलावर एक माणूस असा हवा ज्याला हे सगळं ठाऊक आहे आणि विचारायची लाज वाटत नाही. आमच्याकडे एका टेबलावर हे काम सतरा वर्षांच्या भाचीने केलं. ती स्वतः घरी बटाटा खाते, पण आजीच्या ताटात येऊ दिला नाही.

तिसरं भावांविषयी. तिघे भाऊ एका टेबलावर बसले की उसाचा दर आणि जमिनीची मोजणी सुरू, आणि मुलांकडे बघायला तिन्ही जावा. भाऊ तीन टेबलांवर पांगवा. लहान मुलं आजोबा-काकांजवळ द्या, आईजवळ नको. आपली पंगत आठवा: बायका शेवटी, उरलेल्या आमटीवर, तीही घाईत. जहाजावर वाढायला माणूस आहे, उष्टी काढायला माणूस आहे, तरी माझी धाकटी जाऊ पहिल्या दिवशी तीन वेळा उठली, कुणाला पाणी, कुणाला चमचा. दुसऱ्या दिवशी तिची खुर्ची भिंतीकडची केली. उठायचं तर चार जणांना उठवावं लागेल अशी. ती पाच मिनिटं चुळबुळली आणि मग बसली.

एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. जहाजावरचं 'जैन जेवण' म्हणजे कांदा-लसूण-कंदमूळ नसलेलं शाकाहारी जेवण. भांडी, स्वयंपाकघर एकच. गाळलेलं पाणी, मर्यादेचं पीठ, शोधाचं जेवण असा ज्यांचा नियम आहे त्यांना कितीही चांगलं टेबल मिळालं तरी तिथे जेवता येणार नाही. अशा माणसाला "चालतं हो प्रवासात" म्हणून नेऊ नका. आमच्या थोरल्या चुलत सासूबाई याच कारणाने आल्या नाहीत. त्यांच्यासाठी दिवाळीनंतर सगळ्यांनी मिळून कुंभोजला दोन दिवस जायचं ठरलंय, आणि तिथल्या पंगतीत वाढायचं काम यंदा तिघा भावांकडे आहे.