घरपट्टीत मुलांचा वाटा किती?

घरपट्टीचं बिल आपण दोनदाच हातात घेतो. आलं की आणि थकलं की. एकदा ते ओळीओळीने वाचून पाहा. घरपट्टी-पाणीपट्टीच्या जोडीला त्यात 'शिक्षण कर' अशी ओळ सापडेल. १९६२च्या कायद्याने राज्य सरकारने शहरांतल्या मिळकतींवर हा कर बसवला. नगरपरिषद तो गोळा करते आणि राज्याच्या तिजोरीत भरते. म्हणजे मुलांच्या नावाने पैसा आपल्या वस्तीतून जातो. त्याचं वस्तीतल्या मुलांसाठी काय करायचं, हे मात्र वस्तीतल्या बाईला कोणी विचारत नाही.

मी समाजकार्य करते ते रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात. इथल्या बायांचा दिवस घड्याळावर चालत नाही, बोटीवर चालतो. बोट लागली की लिलाव, मासळी निवडणं, बर्फात घालणं, पाट्या भरून बाजार गाठणं. अंगणवाडीची वेळ ठरलेली आणि बोटीची वेळ न ठरलेली. तीन वर्षांखालच्या मुलाला कुठे ठेवायचं, हा प्रश्न बैठकीत दर वेळी येतो. उत्तरही ठरलेलंच असतं, थोरली आहे ना! ही थोरली दहा-बारा वर्षांची असते. आधी तिचे शाळेचे दिवस बुडतात, मग शाळा. तिच्या भावाची शाळा बोटीवर कामाला गेल्यावर सुटते. पाळणाघर नसण्याची किंमत आपल्याकडे मुली भरतात. खरं तर हाच आपल्याकडचा सर्वांत जुना बालकल्याण कर आहे, आणि तो फक्त मुलींवर आहे.

मुलांसाठी स्थानिक कराचा पैसा मागणं ही काही बाहेरून आलेली कल्पना नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी हेच मांडलं होतं. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो, मग तो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर का जावा, असा त्यांचा सवाल होता. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा आणि शहरांच्या नगरपालिकांना त्याचा खर्च उचलायला लावा, असंही त्यांनी सांगितलं. पुढे १९११ साली याच जिल्ह्यातल्या कोतळूकला जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं. स्थानिक संस्थांना सक्ती करता यावी आणि त्यासाठी शिक्षण कर बसवता यावा, अशी त्यात तरतूद होती. १९१२ साली ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. त्यातही सक्ती आधी मुलग्यांना होती, मुलींचा नंबर नंतर!

परदेशात ही गोष्ट मतपेटीपर्यंत गेली. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या पिनेलस परगण्यात १९४६ साली मतदारांनी मुलांच्या सेवांसाठी मिळकतीवर वेगळा कर घ्यायला संमती दिली. सॅन फ्रान्सिस्को शहरात १९९१ साली मतदारांनी निराळा मार्ग निवडला. नवा कर न लावता चालू मिळकत करातला ठरावीक वाटा मुलांसाठी बाजूला काढायचा, असं त्यांनी शहराच्या सनदेतच लिहून घेतलं. २००० आणि २०१४ साली मतदारांनी तो वाटा पुन्हा मंजूर केला.

मला आपल्यासाठी हा दुसरा मार्ग योग्य वाटतो. मिरकरवाड्यात जून-जुलैत मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत घर उसनवारीवर चालतं. अशा घरावर आणखी एक कर लादून 'हे तुमच्याच मुलांसाठी' म्हणणं ही क्रूर थट्टा होईल. शिवाय नावाने गोळा केलेला पैसा नावाने खर्च होतोच असंही नाही. केंद्र सरकारने २००७ पासून माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी एक टक्का उपकर घेतला. त्यासाठी वेगळा कोष काढायला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली ती ऑगस्ट २०१७मध्ये! दहा वर्षं पैसा आला आणि सर्वसाधारण तिजोरीत मिसळला. म्हणून माझं म्हणणं असं, की प्रश्न कर वाढवण्याचा नाही. आहे त्या करातला मुलांचा वाटा ठरवण्याचा आहे, आणि तो कोण ठरवणार याचा आहे.

वाटा कागदावर आहेच. महाराष्ट्रात नगरपरिषदांनी अर्थसंकल्पातले ५ टक्के महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवायचे असतात, त्यासाठी समितीही असते. पण अनेक ठिकाणी या पैशातून काय होतं? शिलाई मशीनचं वाटप, मेळावे, हळदीकुंकू. हळदीकुंकवाला विधवा बाईला मान नाही आणि मुसलमान बाईला बोलावणं नाही. मग मिरकरवाड्यातल्या किती बाया त्यात आल्या? आणि 'महिला व बाल' यातला बाल गेला कुठे?

काही कार्यकर्त्या म्हणतात, बायकांना अर्थसंकल्पातलं काय कळणार? त्यांना मी आडव्या बाटलीची आठवण करून देते. दारूचं दुकान बंद करायचं असेल तर प्रभागातल्या २५ टक्के स्त्री मतदारांच्या मागणीवरून गुप्त मतदान घेता येतं. ही तरतूद बायकांनीच लढून मिळवली. दुकान नको हे मतदानाने ठरवता येतं, तर पाळणाघर हवं हे का ठरवता येऊ नये? नको म्हणायचा हक्क मिळाला, आता हवं म्हणायचा हक्क मागू या.

एक धोका मात्र विसरू नये. मतदान म्हटलं की मतदार यादी आली. बोटींवर नेपाळहून, कर्नाटकातून आलेल्या खलाशांची नावं इथल्या यादीत नसतात, आणि भाड्याच्या खोलीतल्या बाईच्या नावावर घरपट्टीचं बिल नसतं. ज्याचं बिल त्याचाच आवाज, असा नियम झाला तर आपण सर्वांत गरजू मुलांनाच बाहेर काढू. दुसरा धोका सरकारच्या अंग काढून घेण्याचा. नगरपरिषदेने वाटा दिला म्हणून अंगणवाडीची जबाबदारी शासनाने झटकू नये.

जवळजवळ चार वर्षांच्या प्रशासकांच्या कारभारानंतर डिसेंबर २०२५मध्ये राज्यात नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. आता नाव घेऊन विचारायला नगरसेविका आहेत. तेव्हा प्रत्येक गटाने अर्थसंकल्प मंजूर होण्याआधी आपापल्या नगरपरिषदेत तीन मागण्या लेखी द्याव्यात. एक, ५ टक्क्यांपैकी मुलांसाठी किती, हा आकडा वेगळा दाखवावा. दोन, तो कशावर खर्च करायचा हे प्रभागातल्या खुल्या सभेत ठरावं, बायांना सवड असेल त्या वेळी, आणि भाडेकरू व स्थलांतरित बायांनाही तिथे मत असावं. तीन, जमा-खर्चाचा फलक वस्तीत लागावा.

उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार आहेच. उत्तर आलं तर ते बैठकीत मोठ्याने वाचा. त्या दिवशी थोरलीला घरी ठेवू नका, तिलाही बैठकीला आणा. तिच्याच वाट्याचा हिशेब आहे.