भोंगा सातला वाजतो. भर दुपारचे काय?

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगावने ऑगस्ट २०२२ मध्ये नवा पायंडा पाडला. संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास घरोघरचे टीव्ही, मोबाईल बंद आणि पोरं अभ्यासाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी गावाने १८ वर्षांखालील मुलांच्या मोबाईल वापरावर बंदीचा ठराव केला. दोन्ही गावांचे कौतुक झाले, ते रास्तच. पण भोंगा आणि ठराव कळतो तो शाळकरी मुलांना. तीन-चार वर्षांच्या पोराच्या हातात मोबाईल आपणच देतो आणि तोही भर दुपारी, कामाच्या धबडग्यात. पोर रडू नये, एवढाच हेतू. आजी जवळ असते. पण पडद्यावर काय चाललंय ते तिला चष्म्याशिवाय दिसत नाही.

पोराला लिहिता-वाचता येत नसले तरी एकामागून एक व्हिडिओ येतच राहतात. पुढचा कोणता, हे यंत्र ठरवते. बघणारा जास्त वेळ कसा खिळून राहील, यावर त्याचे गणित चालते. याचा धोका २०१७ साली जगापुढे आला. स्पायडरमॅन, एल्सा, पेप्पा पिग अशी मुलांची लाडकी पात्रे वापरून त्यात मारझोड, रक्त, अश्लील चाळे घुसवलेले व्हिडिओ यूट्यूबवर सापडले. बोगस बियाण्यासारखाच हा प्रकार: पिशवी झकास, आतला माल भलताच. ओरड झाल्यावर कंपनीने हजारो व्हिडिओ काढले.

कायदे झाले नाहीत असे नाही. पालकांच्या संमतीविना मुलांची माहिती गोळा केल्याबद्दल अमेरिकेत २०१९ साली गुगल व यूट्यूबला १७ कोटी डॉलर मोजावे लागले. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवण्यास मनाई केली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. पण खरी मेख पुढेच आहे. आपल्या घरात मोबाईल बापाच्या नावावर असतो. बघणारे पोर आहे, हे कंपनीला कळणार कसे? रात्री बापाने जे बघितले, त्याच्याच जोडीचे दुपारी पोरापुढे येऊ शकते.

म्हणून बांध घरातच घालायला हवा. यूट्यूबमधील आपोआप पुढचा व्हिडिओ लागण्याची सोय बंद करा. लहानांसाठी 'यूट्यूब किड्स' हे वेगळे ॲप आहे. त्यात आपण निवडलेलेच व्हिडिओ दिसतील अशी व्यवस्था करता येते. आवाज मोठा ठेवा, इयरफोन देऊ नका. म्हणजे चुलीपाशी बसूनही काय चाललंय ते कानावर पडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे, की दोन वर्षांखालील मुलांना पडदा नकोच. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून जास्त नको.

सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी हा विषय ग्रामसभेपुढे जरूर घ्यावा. अंगणवाडीच्या पालक बैठकीत गावातल्याच एखाद्या जाणत्या तरुणाने दहा-वीस मोबाईल हातात घेऊन ही बटणे बसवून द्यावीत. त्याला ना निधी लागतो, ना वरून आदेश. मुलाचा कुणी छळ करीत असेल, तर १०९८ हा क्रमांक आहेच.

उभ्या पिकात जनावर शिरू नये म्हणून आपण रात्र-रात्र जागलीला जातो. पोरासाठी दुपारची दहा मिनिटे काढणे काही जड नाही.