हातपाय सतत गार का पडतात?

मार्गशीर्ष सरून पौष लागला की कऱ्हाकाठच्या बारामतीत आणि उजनी जलाशयाच्या बाजूला इंदापुरात पहाटेचा गारठा झोंबू लागतो. दुकानाचे लोखंडी शटर उचलताना बोटे आखडतात आणि मंदिराच्या संगमरवरी फरशीवर पावले बधिर होतात. हा अनुभव सर्वांचाच असतो. परंतु अनेक घरांत एखादी व्यक्ती अशी असते, की जिचे हातपाय चैत्रातही गारच लागतात. बहुधा ती घरातली सून किंवा सासू असते. नातवंडाने हात धरला की ते दचकते, सगळे हसतात आणि ‘तिची प्रकृतीच थंड’ या एका वाक्यात विषय मिटतो. हा विषय इतक्या सहज मिटवण्याजोगा नाही.

शरीरातील उष्णता रक्ताबरोबर सर्वत्र पोहोचते. बाहेर थंडी पडली की हातापायांच्या त्वचेतील बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि हृदय, मेंदू, यकृत यांच्याकडील ऊब राखली जाते. मंदीच्या दिवसांत पेढीने आधी अत्यावश्यक देणी भागवावीत आणि बाकीच्यांना थांबायला सांगावे, तसा हा व्यवहार आहे. भीती वाटली तरी हेच घडते. भयाने ‘हातपाय गार पडले’ असे म्हणतात, त्यात अतिशयोक्ती काहीच नसते. म्हणून सडपातळ, एरवी निरोगी आणि उत्साही व्यक्तीचे हात नेहमी गार असतील, तर त्यामागे आजार असेलच असे नाही. मात्र गारठ्याच्या जोडीला थकवा, धाप, मुंग्या, केस गळणे किंवा बोटांचा रंग बदलणे असे काही असेल, तर कारण शोधलेच पाहिजे.

पहिले कारण रक्तक्षय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे ५४ जणींना रक्तक्षय आहे. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली आणि पुरुषाचे १३ च्या खाली गेले की रक्तक्षय धरतात. खात्यापित्या घरातही तो असतो, कारण सर्वांना वाढून झाल्यावर जेवणारी स्त्री उरलेल्यावर भागवते आणि वरून चहा घेते. जेवणासोबतचा चहा लोह शोषू देत नाही. लिंबू आणि आवळा मात्र त्यास मदत करतात. बाजरी, तीळ, अळीव, कडधान्ये आणि चातुर्मास संपल्यावर मेथी-पालक यांतून लोह मिळते. त्यासाठी कंदमुळांची गरज पडत नाही. पण रक्तक्षय एकदा झाला की केवळ आहाराने तो सहसा भरून निघत नाही, वैद्यकीय सल्ल्याने गोळ्या घ्याव्याच लागतात.

दुसरे कारण शाकाहारी कुटुंबांच्या अधिक जवळचे आहे. ते म्हणजे ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश पुरुषांत हे जीवनसत्त्व कमी आढळले. शाकाहारी व्यक्तींत हा धोका चौपटीहून अधिक होता. धान्य, डाळी व भाज्यांत ब-१२ जवळजवळ नसते. दूध, दही व ताकात ते थोडे असते. त्याच्या उणिवेने रक्त तर घटतेच, शिवाय पायांच्या नसा दुबळ्या होतात आणि पाय गार, बधिर किंवा मुंग्या आल्यासारखे वाटतात. उपचार लांबला तर नसांची हानी कायमची राहू शकते. यावर उपाय सोपा आहे आणि त्यासाठी आहारधर्म सोडावा लागत नाही. कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा प्राणिजन्य जिलेटिनचे असते, म्हणून डॉक्टरांकडे साधी गोळी किंवा इंजेक्शन मागावे.

तिसरे कारण थायरॉईड ग्रंथीची मंदावलेली गती. वजन वाढणे, बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा आणि इतरांना पंखा हवा असताना शाल शोधणे, ही त्याची लक्षणे होत. टीएसएच ही साधी रक्तचाचणी त्याचा उलगडा करते. ही गोळी रिकाम्या पोटी घ्यायची असते. नवकारसी करणाऱ्यांनी ती पाळून झाल्यावर गोळी घ्यावी आणि अर्ध्या-पाऊण तासाने नाश्ता करावा. नियमही राहतो आणि औषधही लागू पडते. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास दूर ठेवावी.

बोटे गारठ्यात आधी पांढरी, मग निळी आणि ऊब मिळताच लाल होत असतील, तर तो रेनो विकार असू शकतो. मॉरिस रेनो या फ्रेंच वैद्याने १८६२ मध्ये त्याचे वर्णन केले. रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः बीटा ब्लॉकर, हात गार करतात. पण त्या परस्पर बंद करू नयेत. तंबाखू आणि मिश्री मात्र आजच सोडाव्यात, कारण निकोटिन रक्तवाहिन्या आवळते.

सर्वांत अधिक जपायचे ते मधुमेही वडीलधाऱ्यांना. त्यांचे पाय गार वाटतात म्हणून मुले प्रेमाने गरम पाण्याची पिशवी देतात. पण बधिर पायाला चटका समजत नाही. सकाळी मोजा काढल्यावर फोड दिसतो, तो चिघळतो आणि कधी बोट गमवावे लागते. अशा पायांना शेगडी आणि पिशवी दोन्ही वर्ज्य. सैल मोजे घालावेत आणि रोज रात्री घरातील कोणी तरी त्यांचे तळवे उजेडात पाहावेत. एकच पाय अचानक गार, फिकट आणि दुखरा झाला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. तेथे प्रश्न काही तासांचा असतो.

ज्यांच्या तपासण्या निर्दोष आहेत, त्यांनी गारव्यासह सुखाने राहावे. हातमोज्यांआधी छाती-पोट उबदार ठेवावे, कारण धड तापले की हात आपोआप तापतात. गादीवर मांडी घालून तासन्‌तास बसण्याऐवजी अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. पूजेहून परतताच पाय कोरडे करून मोजे घालावेत. सूर्यास्तापूर्वीचे जेवण हिवाळ्यात लवकर होते आणि रात्र लांबते, म्हणून त्या जेवणात तूप, बाजरी, डाळ यांना स्थान असावे.

दिवाळीला वर्षाचा हिशेब तपासणाऱ्या घरात हिमोग्लोबिन, ब-१२, टीएसएच आणि साखर या चार आकड्यांचीही वर्षातून एकदा नोंद व्हावी. आणि ती घरातल्या स्त्रीपासून सुरू व्हावी, कारण आपले हात गार आहेत अशी तक्रार ती स्वतःहून बहुधा करीत नाही.