हॉर्न म्हणजे नमस्कार नव्हे



रस्त्यात समोरून येणाऱ्याला कोण रामराम घालतो आणि कोणाला घालत नाही, हा काय चळवळीने बोलायचा विषय झाला? घरातली मारहाण, रेशन, पाणी, जमिनीवरचे नाव, एवढे सगळे समोर असताना मोटरसायकलवाल्यांच्या आणि स्कूटरवाल्यांच्या सलामाची चर्चा कशाला, असे आपल्यातल्याच काहीजणी विचारतील. आमचे म्हणणे असे की हा प्रश्न त्या प्रश्नांच्या रांगेतलाच आहे. बाईला रस्त्यावर हक्क आहे, की कामापुरती जाण्यायेण्याची सवलत आहे, हे कळायला मोठा अभ्यास लागत नाही. रस्त्यावर तिच्याशी कोण कसे वागते एवढे पाहिले तरी पुरते.

अलिबाग ते मुरूड हा सुमारे पन्नास किलोमीटरचा रस्ता घ्या. आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा, मग साळावचा पूल, कोर्लई, काशीद, नांदगाव. शनिवार-रविवारी या रस्त्यावर मुंबई-पुण्याकडून मोटरसायकलींचे ताफे येतात. काही वडखळवरून येतात. २०२० सालापासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली, तेव्हापासून काही गाड्या बोटीत घालून येतात. हे ताफे समोरासमोर आले की एकमेकांना हात करतात. कोणी अंगठा दाखवतो, कोणी मान झुकवतो. एकमेकांची नावगाव माहीत नसताना दिलेली ही ओळख आहे. तुम्हीही आमच्यासारखेच रस्त्याचे प्रवासी, सुखरूप जा, एवढाच तिचा अर्थ. चांगली रीत आहे. तिच्याबद्दल आमची काही तक्रार नाही.

पण त्याच वेळी त्याच रस्त्यावरून दुसरीही माणसे गाडी चालवत असतात. रजिस्टरांची पिशवी अडकवलेली आशाताई असते. पोषण आहाराचे सामान घेतलेली अंगणवाडी सेविका असते. पायाशी मासळीचा टब ठेवून रेवदंड्याच्या बाजाराला निघालेली कोळीण असते. पाहुण्यांसाठी खोल्या आणि खाणावळ चालवणारी, नारळ-भाजी आणायला निघालेली बाई असते. या सगळ्या बहुतेक स्कूटरवर असतात. ताफ्यातला हात पुढच्या मोटरसायकलला वर होतो, मध्ये आलेल्या स्कूटरला खाली येतो आणि तिच्यामागच्या मोटरसायकलला पुन्हा वर होतो. उद्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहा आणि मोजा.

मग या बाईला रस्त्यावर काय मिळते? मागून दाबून धरलेला हॉर्न मिळतो. अंगावर घातल्यासारखे ओव्हरटेक मिळते. संध्याकाळी डोळ्यांवर मारलेले अपर-डिपर मिळते. आणि मिळतात दोन हाका: 'ताई, स्टँड!' आणि 'मावशी, ओढणी!'

या हाकांबद्दल आम्हाला अन्याय करायचा नाही. खाली राहिलेले स्टँड डाव्या वळणावर टेकले तर गाडी उलटते. चाकात गुंतलेली ओढणी जीव घेते. हे ओरडून सांगणाऱ्याचे आभारच मानले पाहिजेत. स्टँड खाली असेल तर इंजिनच चालू होत नाही, अशी सोय आता अनेक नव्या गाड्यांत आली आहे; ओढणीसाठी मात्र अजून माणसाचाच आवाज लागतो. 'भाऊ, स्टँड' ही हाक पुरुषांनाही घातली जातेच. आमचा मुद्दा एवढाच की पुरुषाला रस्त्यावर सूचना मिळते आणि सलामही मिळतो. बाईच्या वाट्याला नुसती सूचना येते. तिची चूक सगळ्यांना दिसते, ती मात्र कोणाला दिसत नाही.

'ती बायकांची गाडी'

याचे कारण विचारले की उत्तर तयार असते. सलाम हा मोटरसायकलवाल्यांचा आपसातला असतो, स्कूटर ही बाजारहाटाची गाडी, तिच्यात प्रवास कसला, असे म्हणतात. हिशेब करू या. एखादी सेविका रोज वीस किलोमीटर जाते आणि तितकीच परत येते असे धरा. महिन्याच्या सव्वीस दिवसांत एक हजार चाळीस किलोमीटर झाले. तेही पावसाळ्यात, खड्ड्यांतून, अंगावर रेनकोट आणि पुढे सामान घेऊन. वर्षातून दोनदा मुरूडला येणाऱ्याचा तो प्रवास आणि हिचे ते जाणेयेणे, ही भाषा कोणी ठरवली?

स्कूटर आधीपासूनच हलकी मानली जात होती असेही नाही. १९७२ साली बजाजची चेतक आली. ती गियरची, किक मारून चालू करायची गाडी होती आणि ती घरातल्या पुरुषाची होती. बाई मागे एका बाजूला पाय सोडून बसायची, मांडीवर मूल, हातात पिशवी. तेव्हा स्कूटरला कोणी 'बायकांची गाडी' म्हटले नाही. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली, गियर गेला, बटण आले. नव्वदच्या दशकात स्कूटी आली, २००१ च्या सुमारास अ‍ॅक्टिव्हा आली. बाया मागच्या सीटवरून पुढे आल्या. साडीत बसता येते, पायाशी सामान ठेवता येते, मूल पुढे उभे करता येते, म्हणून त्यांनी ही गाडी निवडली. बाया पुढे बसल्या आणि गाडीची पत उतरली. ज्या कामात बाया जास्त येतात त्या कामाचा मान आणि मोबदला घटतो, हे आपण शिबिरांत नेहमी सांगतो. गाडीचेही तेच झाले आहे.

काही मैत्रिणी म्हणतात, मग आपणच मोटरसायकल चालवावी. जरूर चालवावी. २०११ साली पुण्यात 'बाइकर्नी' हा मोटरसायकल चालवणाऱ्या बायांचा गट उभा राहिला, ऊर्वशी पाटोळे त्याच्या संस्थापकांपैकी एक. अशा गटांनी बाईने कोणती गाडी चालवावी ही चौकट मोडली, याचा आपल्याला आनंद आहे. पण मोठ्या गाडीवर बसल्यावरच बाईला सलाम मिळणार असेल तर तो सलाम गाडीला झाला. मासळीचा टब घेऊन मोटरसायकल चालवता येत नाही. त्या कोळणीने मान मिळवण्यासाठी धंदा सोडायचा का?

ज्यांना मोटरसायकलच्या मोठेपणाचा फार अभिमान आहे त्यांना एक आठवण द्यावीशी वाटते. १२ जानेवारी २०२४ ला शिवडी ते न्हावा-शेवा अटल सेतूचे उद्घाटन झाले. या जवळपास बावीस किलोमीटरच्या पुलावरून रायगडात यायला स्कूटरला बंदी आहे आणि मोटरसायकललाही बंदी आहे. चार चाकांच्या नजरेत दोन चाके सगळी सारखीच. ज्यांना एका दारातून एकत्र परत पाठवले जाते, त्यांनी आपसात उच्चनीच कशाला ठेवावे?

सलाम कशासाठी असतो

एसटीचे दोन ड्रायव्हर समोरासमोर आले की हात वर करतात. एकाच कामातली माणसे एकमेकांना धरून असतात, हे त्या हातात असते. रस्त्यात झाड पडले असेल, पूल बंद असेल, तर तो हात थांबण्याची खूण होतो आणि निरोप पोचतो. रोज सलाम होतो म्हणून अडचणीच्या दिवशी थांबवता येते.

आपल्या किनाऱ्याने हे ३ जून २०२० ला पाहिले आहे. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, दिवेआगर, म्हसळा, मुरूड, अलिबाग, सगळीकडे झाडे रस्त्यांवर आडवी झाली, वीज गेली, मोबाईल बंद पडले. अशा वेळी पुढचा रस्ता मोकळा आहे की नाही हे कळायचा एकच मार्ग उरतो: समोरून येणाऱ्याला हात करून विचारणे. ज्या बाईला आयुष्यभर शिकवले की रस्त्यात अनोळखी माणसाकडे बघायचे नाही, तिने त्या दिवशी कोणाला थांबवावे? वादळ रोज येत नाही, पण टायर रोज कोणाचा तरी पंक्चर होतो. काशीदच्या पुढे अंधार पडल्यावर गाडी बंद पडली तर येणाऱ्या दिव्याकडे आशेने बघायचे की भीतीने, हा प्रश्न आपल्यातल्या प्रत्येकीला पडतो. सलामाची गोष्ट क्षुल्लक वाटणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर द्यावे.

कोणी कोणाला कसा नमस्कार करायचा, यावर आपल्या समाजात मोठी झुंज झालेली आहे. 'जोहार मायबाप' म्हणत कमरेत वाकण्याची सक्ती एका समाजावर शतकानुशतके होती. २० मार्च १९२७ ला आपल्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या महाडला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचे पाणी प्यायले गेले. सार्वजनिक तळे सगळ्यांचे, हा तो झगडा होता. पुढे 'जोहार' गेला आणि 'जय भीम' आला. तो अभिवादन म्हणून रुजवण्याचे श्रेय कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांना दिले जाते. त्या दुःखाची बरोबरी आम्ही स्कूटरशी करत नाही. पण दोन गोष्टी तिथून शिकायच्या आहेत. सार्वजनिक जागा नुसत्या कायद्याने सगळ्यांची होत नाही, ती वापरून आपली करावी लागते. आणि बरोबरीचा नमस्कार मागत बसून मिळत नाही, तो आपण सुरू करावा लागतो.

'पण गैरसमज झाला तर?'

सगळ्यात मोठी शंका हीच. परक्या पुरुषाला मान हलवली आणि त्याने भलताच अर्थ काढला तर? ही भीती खोटी नाही. 'मान खाली घालून जा' हे आईने आणि आजीने सांगितले ते आपल्याला कमी लेखण्यासाठी नव्हे. त्यांच्याजवळ तेवढाच उपाय होता.

म्हणून नमस्कार आणि त्रास यांतला फरक आपण स्वच्छ सांगू या. नमस्कार होतो आणि माणूस पुढे जातो. त्याला उत्तराची अपेक्षा नसते. त्रास देणारा गाडी वळवून मागे येतो, वेग कमी करून बरोबरीने चालतो, पुन्हा हॉर्न देतो, नाव विचारतो. ज्याला हा फरक कळत नाही असे तो म्हणतो, त्याला तो चांगला कळतो. आपल्या बहिणीच्या बाबतीत लगेच कळतो.

कायद्यालाही कळतो. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्यासाठी केलेला शब्द, आवाज किंवा हावभाव हा १८६० च्या दंडविधानात कलम ५०९ खाली गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ७९ खाली आहे. तिची इच्छा नाही हे स्पष्ट असताना पुन्हा पुन्हा पाठलाग करून संपर्क साधू पाहणे हा २०१३ मध्ये वेगळा गुन्हा ठरला. तो आता कलम ७८ आहे. विनाकारण हॉर्न वाजवण्यालाही मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या वेळी एक हजार रुपये दंड ठेवला. मान हलवणाऱ्या बाईने गुन्हा केलेला नसतो आणि संमतीही दिलेली नसते. चौकीत किंवा घरात कोणी 'तूच आधी बघितलेस' म्हणाले तर त्याला हे ऐकवा.

मान हलवू या

रीत नवी घालायची तर ती आपल्या गाडीला आणि आपल्या रस्त्याला सोसणारी हवी. ताफ्यांनी डावा हात वर करायची रीत परदेशातून उचलली आहे. अमेरिकेत गाड्या उजवीकडून चालतात, समोरचा डाव्या हाताला येतो, म्हणून तिथे डावा हात दिसतो. आपल्याकडे समोरचा उजव्या बाजूने जातो. उजव्या हातात अ‍ॅक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक. मोटरसायकलवाल्याच्या डाव्या हातात क्लच असतो, पण स्कूटरवर तिथे मागचा ब्रेक असतो. साळावच्या पुलावर ब्रेकवरचा हात सोडून सलाम करायला आम्ही कोणाला सांगणार नाही. आपल्या बायांना हे नवे नाही. डोक्यावर हंडा किंवा पाटी घेतलेली बाई हात जोडत नाही. नजर देते आणि 'कुठं निघालीस गो?' विचारते. हेल्मेटमध्ये नजर दिसत नाही, म्हणून मान थोडी झुकवायची. एवढे पुरे.

सुरुवात आपसात करू या. स्कूटरवरच्या प्रत्येक बाईने समोरून येणाऱ्या प्रत्येक बाईला मान झुकवायची, ती ओळखीची असो वा नसो, कोणत्याही जातीची, धर्माची, वाडीची असो. रस्त्याच्या कडेला थांबलेली बाई दिसली तर वेग कमी करून 'काय झालं?' विचारायचे. मिनीडोरची वाट बघत उभ्या असलेल्या बायांनाही विसरायचे नाही. आपल्याला गाडी मिळाली म्हणून आपण त्यांच्याहून वर गेलो नाही. आणि कोणी बरोबरीने मान झुकवली तर, तो पुरुष असला तरी, मनात असेल तर उत्तर द्यायचे, नसेल तर नाही.

मोटरसायकलच्या ताफ्यांनाही आमचे सांगणे आहे. तुमच्या ग्रुपच्या नियमांत हेल्मेट, रांग, इंधन सगळे लिहिलेले असते. त्यात एक ओळ घाला: गावच्या रस्त्यावर स्कूटरलाही तोच सलाम, हॉर्न नाही, अपर नाही.

गटांनी हा विषय पुढच्या बैठकीत घ्यावा. ज्या गावात बायांसाठी गाडी शिकण्याचे आणि लायसन्स काढण्याचे काम चालू आहे तिथे ब्रेक आणि इंडिकेटरबरोबर हेही शिकवावे. तीन महिने करून बघा. किती जणींनी उत्तर दिले, कुठे त्रास झाला, अडचणीत कोण थांबले, ते लिहून पाठवा. पुढच्या अंकात छापू.