'निष्ठे'चे तुणतुणे

नांदेड-लातूरकडील हौशी नाट्यसंस्थांच्या चालकांशी बोलावयास बसले की थोड्याच वेळात एक तक्रार हटकून कानी पडते: मुले टिकत नाहीत. दोन वर्षे तालमीत घडवावी आणि तिसऱ्या वर्षी त्यांनी पुण्या-मुंबईची गाडी धरावी. जी मागे राहतात त्यांना उत्साह नाही, वेळेचे भान नाही, आणि संस्थेविषयी निष्ठा तर औषधालाही नाही! या तक्रारीचा आम्हांस आता वीट आला आहे. माणसे का जातात हा प्रश्न जाणाऱ्यांस विचारून भागत नाही. ज्याच्यापासून ती जातात त्यासही तो कधीतरी विचारला पाहिजे.

चालकांचे उत्तर ठरलेले असते. 'आम्ही तरी कुठे पैसे घेतो? कलेचे समाधान हेच मोल.' हे वाक्य बोलणाऱ्यास दरमहा पगार अगर निवृत्तिवेतन मिळत असते, आणि ऐकणारा पोरगा बहुधा तालमीसाठी दिवसाची मजुरी बुडवून आलेला असतो, एवढाच काय तो फरक. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून लोहा तालुक्यातील माळेगावी खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट यांच्या बाजारासारखेच तेथील तमाशाचे फडही प्रसिद्ध आहेत. फडमालक हंगामापूर्वी आपल्या माणसांस उचल देतो. या उचलीच्या फेऱ्यात कलावंत कसा जखडला जातो हे आम्हांस ठाऊक आहे, तेव्हा फडाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. तथापि सोंगाड्याच्या घरीही चूल असते, एवढे तरी त्या मालकास कळते. आमच्या सुशिक्षित चालकास तालमीला येणाऱ्या मुलीच्या एस. टी. भाड्याचीही आठवण राहत नाही, आणि निष्ठेवर व्याख्यान मात्र तो तासभर देऊ शकतो.

यावर कोणी म्हणेल, तुम्ही सगळा प्रश्न पैशावर आणून ठेवलात. मुळीच नाही. गंधर्व नाटक मंडळीच्या वैभवात कसली कमतरता होती? 1913 साली बालगंधर्वांबरोबर गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस हे दोन तोलामोलाचे गृहस्थ त्या मंडळीच्या उभारणीत होते; पुढे दोघेही बाहेर पडले. कारणांची चर्चा रसिकांनी पुष्कळ केली आहे, ती येथे नको. पोटास मिळाले म्हणजे माणूस राहतोच असे नाही, इतकेच त्यावरून घ्यावे.

'प्रभात'चे उदाहरण आम्हांस अधिक बोधप्रद वाटते. 1929 साली कोल्हापुरात ही कंपनी निघाली. दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे चौघेही बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले. पाचवे सीतारामपंत कुलकर्णी यांनी भांडवल घातले. दिग्दर्शक म्हणून नाव शांतारामांचे गाजत होते. पण 1936 सालचा 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला तो दामले-फत्तेलाल यांनी. म्हणजे एक ध्वनिमुद्रणाचा जाणकार आणि दुसरा कलादिग्दर्शक! पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्या चित्रपटाचा गौरव झाला. पडद्यामागील माणसांस पडद्यावरील नाव मिळण्याची वाट त्या घरात मोकळी होती. त्या घरातही पुढे फूट पडली, 1942 साली शांताराम निघून गेले, हे खरे. पण तेरा वर्षांत जे उभे राहिले ते एकहाती खचित नव्हते. आमच्याकडे काय दिसते? नाटक चालकाने निवडावे, दिग्दर्शन त्याचेच, मुख्य भूमिकाही त्याचीच, आणि जाहिरातीत नेपथ्य करणाऱ्याचे नाव शोधावयास भिंग लागावे. दहा वर्षे दिवे सांभाळणारा मनुष्य अकराव्या वर्षी कंटाळला, तर त्यास निष्ठाहीन म्हणावयाचे काय?

आणि लातूरची आणखी एक देणगी आहे. परीक्षेत गुण मिळविण्याचा 'लातूर पॅटर्न' सर्व महाराष्ट्रास ठाऊक आहे, आणि त्या शिस्तीविषयी आम्हांस आदर आहे. परंतु ती दृष्टी तालमीच्या खोलीत शिरली की अनर्थ होतो. राज्य नाट्यस्पर्धा कित्येक दशके चालू आहे. तिने गावोगाव रंगभूमी जिवंत ठेवली यात शंका नाही. मात्र निकाल हेच ध्येय ठरले म्हणजे अभिनयाचे रौप्यपदक एकास मिळते आणि उरलेले चौदाजण नापास झाल्यासारखे घरी जातात. दुसऱ्या दिवशी त्यांच्याशी चालकाने बोलावे, कोठे जमले आणि कोठे फसले याचा ऊहापोह करावा, ही गोष्ट आम्ही फार क्वचित पाहिली आहे.

वास्तविक या कामाचा वस्तुपाठ नांदेडकरांच्या घरातच आहे. प्राचार्य नरहर कुरुंदकर पीपल्स कॉलेजात शिकवीत आणि 1982 साली त्यांचे निधन झाले, तेव्हा तेथे प्राचार्य होते. रणजित देसाई यांच्या 'श्रीमान योगी'स जोडलेले त्यांचे दीर्घ पत्र पाहावे. ती पाठ थोपटणारी प्रशस्ती नव्हे. दुसऱ्याच्या कृतीसाठी एका विद्वानाने वेळ खर्चून केलेला तो वाद आहे, आणि असा वाद घालणे हाच लेखकाचा खरा मान होय. 'छान झाले' हे दोन शब्द फुकट पडतात आणि तसेच विसरले जातात. 'तुमचा दुसरा प्रवेश मला पटला नाही, आणि तो का ते सांगतो', असे म्हणण्यासाठी आधी प्रवेश लक्षपूर्वक पाहावा लागतो. नवख्या नटास नेमके तेच हवे असते.

या सर्वांस पैसा कोठून आणावा, असे चालक विचारतील. लक्ष देण्यास आणि नाव छापण्यास तो लागत नाही. राहिला खर्चाचा प्रश्न. स्पर्धेत उतरणाऱ्या संस्थेस निर्मितीखर्चापोटी सरकारी रक्कम मिळते. ती अपुरी असते हे आम्हांसही मान्य आहे. पण ती किती आली आणि कोठे गेली, हे संस्थेतील किती मुलांस ठाऊक असते? येत्या हंगामात पहिल्या तालमीच्या दिवशी संहितेआधी गेल्या वर्षीचा जमाखर्च मोठ्याने वाचून दाखवावा, दिवेवाल्यासही तेथे बसवून घ्यावे, आणि मग निष्ठेविषयी काय बोलावयाचे ते बोलावे.