रेशनच्या रांगेतील अमेरिका

विसाव्या शतकातील अमेरिकेचा इतिहास म्हणजे तिचे राष्ट्राध्यक्ष, तिची युद्धे आणि तिचा डॉलर, अशी आपल्याकडील विद्वानांची समजूत आहे. हाच इतिहास वसई तालुक्याच्या पूर्वेकडील पारोळ-भाताणे पट्ट्यातील आदिवासी पाड्यावरून कसा दिसला असेल, हा प्रश्न त्यांना सुचत नाही. तेथील, आज ऐंशीच्या घरात असलेली कोणतीही स्त्री घ्यावी. वॉशिंग्टन कोठे आहे हे तिला ठाऊक नसेल. वॉशिंग्टनचा हात मात्र तिच्या चुलीपर्यंत पोचला होता.

१९५४ साली आयसेनहॉवर यांच्या कारकिर्दीत पी. एल. ४८० हा कायदा झाला. अमेरिकेच्या कोठारांत न मावणारे धान्य खपविण्याची ती सोय होती; तिला 'मदत' म्हणण्याचे औदार्य आपल्याच सत्ताधाऱ्यांचे. १९६५-६६ च्या अवर्षणात जॉन्सन यांनी धान्याची जहाजे महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सोडली, कारण व्हिएतनामवरील बॉम्बवर्षावाविषयी दिल्लीने तोंड उघडले होते. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले. त्या एका वर्षात सुमारे एक कोटी टन धान्य परदेशातून आले, आणि भात खाऊन वाढलेल्या माणसांनी रेशनचा अमेरिकन गहू व लाल मिलो शिजवून पाहिला.

परंतु सारे खापर अमेरिकेवर फोडून मोकळे होणाऱ्या आपल्यातील मित्रांनाही एक प्रश्न विचारला पाहिजे. चिखलात वाकून आवणी करणारी हीच स्त्री. मग तिने पिकविलेला भात गेला कोठे? पावसाळ्यात घेतलेल्या खावटीपोटी तो व्याजासह सावकाराच्या घरी गेला. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ साली झाला, तरी वसई तालुक्यातील वेठबिगार सोडविण्यासाठी १९८० नंतरच्या दशकात श्रमजीवी संघटनेला झगडावे लागले. त्या वेठबिगारांना काही जॉन्सन यांनी बांधून ठेवलेले नव्हते!

अमेरिका पुन्हा आली ती २०१३ साली. त्या वर्षी अन्नसुरक्षा कायदा झाला, आणि डिसेंबरात बाली येथील जागतिक व्यापार परिषदेत, भारत सरकार आपल्याच शेतकऱ्यांकडून हमीभावाने धान्य घेऊन साठविते यास अमेरिकेने हरकत घेतली. स्वतःचे जादा धान्य सवलतीने जगाच्या गळ्यात मारणाऱ्या देशाने ही नीती शिकवावी! २०१८ साली गहू व तांदळाच्या हमीभावाविरुद्ध तिने पुन्हा तक्रार मांडली.

त्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातील सर्वांत वडील स्त्रीला शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख केले, हे योग्यच झाले. परंतु आयुष्यभर विळा-कोयता धरून अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या म्हाताऱ्यांचा अंगठा दुकानातील यंत्र अनेकदा स्वीकारीत नाही. अशा वेळी नोंदवहीवर सही-साक्ष घेऊन त्याच दिवशी धान्य दिले गेले पाहिजे. कार्यकर्त्यांनी पाड्यापाड्यांतून अशा शिधापत्रिकांची यादी करावी आणि ती घेऊन वसईच्या तहसील कचेरीत जावे.