पाळणाघराची चौकशी कुठे करायची?

कोल्हापूरच्या शाहूपुरीत साडीच्या दुकानात, सीएच्या ऑफिसात, लॉजवर किंवा खासगी दवाखान्यात काम करणाऱ्या बाईला दीड वर्षाच्या मुलासाठी दिवसभर सांभाळणारी जागा हवी असेल, तर तिने विचारायचे कोणाला? मध्यवर्ती बसस्थानकावर एसटीची चौकशी खिडकी आहे, पलीकडे स्टेशनात रेल्वेची आहे. पाळणाघराची चौकशी मात्र दुकानातल्या दुसऱ्या बाईकडे, नाहीतर जिन्यात चिकटवलेल्या ‘घरगुती पाळणाघर’ या कागदावरच्या मोबाइल नंबरवर करायची. एका खोलीत किती मुले असतात, सांभाळायला किती जणी आहेत, दुकानाचे शटर खाली ओढेपर्यंत मूल ठेवतात का, गॅस आणि झोपायची जागा एकाच खोलीत आहे का, यातले जेवढे समोरचा सांगेल तेवढेच तिला कळते. ही माहिती गोळा करणे, तपासणे आणि मागेल त्याला देणे हे महापालिकेचे काम आहे. त्याचा खर्च सार्वजनिक पैशातून व्हावा आणि त्या पैशाबरोबर ठरावीक कर्तव्येही बांधून द्यावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

यावर पहिले उत्तर मिळते ते कायद्याचे. २०१७ मध्ये प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊन येण्याची मुभा मिळाली. तरतूद चांगलीच आहे. पण शाहूपुरी ही छोट्या आस्थापनांची पेठ आहे. चार माणसांचे दुकान, आठ जणांचे ऑफिस, पंधरा जणांचे हॉटेल अशा ठिकाणी पन्नासची अट कधी लागूच होत नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची माणसे मोजली तर आकडा कितीतरी पुढे जाईल. कायदा मात्र प्रत्येक शटर वेगळे मोजतो. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने या अडचणीवर अर्धी वाट काढली आहे. नगरपालिकेचे, खासगी किंवा स्वयंसेवी संस्थेचे सामाईक पाळणाघर वापरण्याची, किंवा अनेक आस्थापनांनी पैसे एकत्र करून ते उभारण्याची सोय तिने आस्थापनांना दिली आहे. पण कोणाला गरज आहे आणि कुठे जागा आहे, याची नोंद ठेवणारा कोणी नसेल तर हे एकत्र येणार कसे?

दुसरे उत्तर अंगणवाडीचे. १९७५ पासून चाललेल्या या व्यवस्थेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र अंगणवाडीत बसायला येतात ती तीन ते सहा वर्षांची मुले, आणि तीही काही तासच. तीन वर्षांखालच्या मुलाला घरपोच आहार मिळतो, सांभाळणारी माणसे मिळत नाहीत. केंद्राच्या जुन्या पाळणाघर योजनेत सहा महिन्यांपासूनची मुले साडेसात तास ठेवण्याची सोय होती, पण तिच्यातली केंद्रे गेल्या काही वर्षांत फार कमी झाली. आता ‘मिशन शक्ती’खालच्या पाळणा योजनेत देशभर १७ हजार अंगणवाडी-कम-पाळणाघरांचे उद्दिष्ट आहे. त्यातली आपल्या शहरात किती यावीत आणि कोणत्या पेठेत, हे गरजेच्या आकड्यांवरूनच ठरले पाहिजे. ते आकडे जमा होतील अशी जागा म्हणजे चौकशी केंद्र. रोज येणारा प्रत्येक प्रश्न तिथे नोंदला गेला, कोणत्या भागात, कोणत्या वयाच्या मुलासाठी, कोणत्या वेळेला जागा मिळाली नाही हे लिहिले गेले, की शहराची खरी मागणी कागदावर येते.

म्हणूनच ‘मुळात पाळणाघरेच नाहीत, मग माहिती कसली देणार?’ हा आक्षेप मला उलट या केंद्राच्या बाजूचा वाटतो. नोकरी सोडून घरी बसलेल्या बाईची नोंद आज कुठल्याच रजिस्टरात होत नाही. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरातल्यांची काळजी घेणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी १३७ मिनिटे देताना दिसतात, पुरुष ७५. स्त्रियांची घरकामाची २८९ मिनिटे वेगळीच. हा भार आहे हे सर्वेक्षण सांगते. शाहूपुरीत तो कुठे हलका करता येईल, हे ते सांगू शकत नाही.

खासगी कंपन्या, ॲप, व्हॉट्सॲप ग्रुप हे काम करतीलच की, असेही म्हटले जाते. करतील, पण पैसे पाळणाघराकडून घेऊन. जो पाळणाघराच्या जाहिरातीवर जगतो तो त्याच्याविरुद्धची तक्रार दाखवत नाही. सांगणाऱ्याचा व्यवहारात हितसंबंध नसावा, एवढ्यासाठीच पैसा सार्वजनिक हवा. इंग्लंडमध्ये २००६ च्या बालसंगोपन कायद्याने पालकांना माहिती, सल्ला आणि साहाय्य देण्याचे बंधन थेट स्थानिक संस्थांवर टाकले. आपल्याकडेही मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झाली आणि पुढे सरकारी पैशावर देशभर पसरली. योग्य ठिकाणी पोहोचवून देणे हीसुद्धा सेवा आहे, हे तिथे आपण मान्य केलेलेच आहे.

‘घरात आजी असते’ हा युक्तिवाद करणाऱ्यांनी सकाळच्या पॅसेंजरने आणि एसटीने हातकणंगले, शिरोळ, कागलकडून कामाला येणाऱ्या बायकांचा विचार करावा. काहींची आजी शेतावर रोजगाराला जाते, काहींची आजारी असते, भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्यांची तर गावाकडेच असते. आजी असेल तिथे कोणी पाळणाघर शोधत फिरणार नाही. प्रश्न उरलेल्यांचा आहे.

सगळ्यात विचार करण्यासारखा आक्षेप घरगुती पाळणाघर चालवणाऱ्या बायकांचा आहे. नोंदणी आली की इन्स्पेक्टर येईल, नोटिसा येतील आणि चार मुले सांभाळून घर चालवणारी बाई हे काम बंद करेल, ही भीती खोटी नाही. पण नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण सीसीटीव्हीमुळे उघड झाली, तेव्हा पाळणाघरांवर देखरेख कोणाची, हा प्रश्न राज्यभर विचारला गेला. नोंदणी टाळून तो सुटत नाही. ती फुकट आणि एकपानी ठेवावी, पहिल्या भेटीत दंड न करता काय सुधारायचे ते लिहून द्यावे, प्रथमोपचाराचे प्रशिक्षण आणि अग्निशामक नळकांडे महापालिकेने पुरवावे. यादीत नाव आल्याने त्या बाईला मुले मिळतील, हा तिचा फायदा. त्याच्या बदल्यात मुलांची संख्या, वेळ, फी आणि शेवटच्या तपासणीची तारीख लोकांसमोर राहील.

पैसे कुठून आणायचे? महापालिकांनी अंदाजपत्रकात महिला व बालकल्याणासाठी पाच टक्के तरतूद राखून ठेवायची असते. बऱ्याच ठिकाणी ती शिलाई मशीन आणि प्रशिक्षणवर्गांवर खर्च होते. बसस्थानकाजवळ एक खोली, दोन-तीन कर्मचारी, एक फोन आणि वॉर्डावॉर्डात फिरून तपासणी करणारी माणसे एवढा हा खर्च आहे. १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला आणि शिक्षणाचा बोजा दरबारने उचलला. पालकांवर बंधन घालायचे तर आधी सरकारने आपली बाजू पुरी करायची, असा तो क्रम होता. महापालिकेने केंद्र सुरू करताना ठरावातच लिहावे, की कोणत्याही पाळणाघराकडून पैसा घेतला जाणार नाही, तक्रार आली की सात दिवसांत भेट होईल, आणि जागा न मिळालेल्या मुलांची वॉर्डवार संख्या दर सहा महिन्यांनी महासभेपुढे येईल. पाळणा योजनेतल्या नव्या केंद्रांची मागणी राज्याकडे करताना तेच आकडे जोडावेत.